जर्मन गोवर : मातेची साक्ष आणि खानेसुमारीचा रकाना

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या जुन्या मराठी घराण्यांना कुलवृत्तांताची मोठी आवड. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या दौलतीबरोबर जी कुटुंबे परमुलखात आली, त्यांनी मूळ गाव, कुलदैवत, सनदा आणि वंशवेल जिवापाड जपली. या वंशावळी चाळताना कधीकधी एखाद्या नावापाशी वेल एकाएकी थांबलेली दिसते. पुढे 'जन्मतः मुका', 'जन्मांध' किंवा 'अल्पवयी मृत' एवढाच शेरा असतो. त्या शेऱ्यामागे काय घडले असेल, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. घरातील वडीलधारी मंडळीही तो विषय टाळतात.

टाळण्याचे कारण उघड आहे. परमुलखातील समाजाचे सोयरीकीचे वर्तुळ लहान असते. शे-दोनशे घरांच्या वस्तीत 'त्यांच्याकडे मुकेपणा आहे' हे एक वाक्य फिरले, की त्या मुलाच्या पाठच्या बहिणींची लग्ने अडत. घराण्याचा दोष नाही म्हणावे, तर तो आईकडे जाई. तिने ग्रहण पाळले नसेल, ग्रहणात काही चिरले असेल, तिन्हीसांजेला नको तेथे गेली असेल. तेही नसेल, तर सटवाईच्या लेखावर भार टाकून लोक मोकळे होत. या तिन्ही निदानांत एक गोष्ट समान होती. गरोदरपणात तुला स्वतःला काही आजार झाला होता का, हा साधा प्रश्न त्या आईला कोणी विचारीत नसे.

हे केवळ आपल्याकडचेच अज्ञान होते असे समजण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतील वैद्यकशास्त्रही जन्मजात व्यंग म्हणजे बहुधा आनुवंशिक दोष असेच मानीत होते. गर्भ वारेच्या आड सुरक्षित असतो आणि आईच्या लहानसहान दुखण्यांची झळ त्याला लागत नाही, अशी समजूत रूढ होती. या समजुतीला तडा गेला तो एका अत्यंत सामान्य आणि क्षुल्लक मानल्या गेलेल्या रोगामुळे. त्याचे नाव जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला. हा रोग किती गर्भवतींना होतो आणि किती जणींना तो पूर्वीच होऊन गेलेला असतो, या प्रश्नाचा इतिहास हा वैद्यकाइतकाच नोंदींचा, गणनेचा आणि स्त्रियांच्या शब्दाला किती मोल द्यावे याचा इतिहास आहे.

एक नाव, भारतात सुचलेले

अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी या रोगाकडे प्रथम बारकाईने पाहिले, म्हणून त्यास 'जर्मन गोवर' हे नाव मिळाले. मात्र तो गोवराचा प्रकार की स्वतंत्र रोग, याविषयी दीर्घकाळ वाद चालू होता. हेन्री व्हील हा रॉयल आर्टिलरीतील शल्यवैद्य भारतात असताना तेथील एका शाळेत या रोगाची साथ आली. ती त्याने तपशीलवार नोंदविली आणि १८६६ साली एडिंबरोच्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. जर्मन नाव उच्चारण्यास अवघड, म्हणून 'तांबूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याने 'रुबेला' हे नाव सुचविले. आज जगभर रूढ असलेल्या या नावाचा उगम अशा रीतीने भारतातील एका शाळेपर्यंत जातो.

रोगाचे स्वरूप अगदी सौम्य. थोडा ताप, मानेत आणि कानामागे गाठी, अंगावर फिकट तांबूस पुरळ. तीन दिवसांत सारे निवते. पुष्कळांना, काही पाहण्यांनुसार निम्म्यापर्यंत लोकांना, पुरळ दिसण्याजोगा उठतही नाही. आपल्या घरांतून तर 'गोवर येऊन गेला' एवढ्या एकाच वाक्यात खरा गोवर आणि हा जर्मन गोवर दोन्ही सामावले जात. अशा रोगाची दखल डॉक्टरांनी तरी का घ्यावी? सैन्याच्या छावण्यांत कवायत बुडते, शाळांत हजेरी कमी होते, एवढेच त्याचे उपद्रवमूल्य मानले जाई.

सिडनीतील डॉक्टर

नॉर्मन मॅकअ‍ॅलिस्टर ग्रेग (१८९२–१९६६) हे सिडनीतील नेत्रवैद्य. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय पथकात काम केले आणि मिलिटरी क्रॉस मिळविला. १९४१ साली त्यांच्याकडे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. जन्मजात मोतीबिंदू तसा विरळा. एका वर्षात एका डॉक्टरकडे इतकी बाळे यावीत, हे आनुवंशिकतेने उलगडण्यासारखे नव्हते. भोवतालच्या साऱ्या घराण्यांत एकाच वर्षी दोष कसा उत्पन्न होईल? बाळे वजनाने कमी होती, दूध नीट पीत नव्हती, आणि पुष्कळांच्या हृदयातही दोष होता.

असे सांगितले जाते, की दवाखान्यात थांबलेल्या मातांचे आपसातील बोलणे ग्रेग यांच्या कानी पडले. गरोदरपणाच्या आरंभी आपल्याला जर्मन गोवर झाला होता, असे त्या एकमेकींना सांगत होत्या. ग्रेग यांनी हा धागा सोडला नाही. बाळांच्या जन्मतारखांवरून मागे मोजत गेल्यावर त्यांच्या गर्भवासाचे पहिले महिने नेमके १९४० मधील जर्मन गोवराच्या मोठ्या साथीशी जुळले. त्यांनी इतर नेत्रवैद्यांकडूनही अशा बाळांची माहिती मागविली. एकूण ७८ बाळे जमली आणि त्यांपैकी ६८ बाळांच्या मातांनी गरोदरपणात हा रोग झाल्याचे सांगितले. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत झाला होता. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे नेत्रवैद्यांच्या परिषदेत ग्रेग यांनी हा निबंध वाचला.

ही घटना ऑस्ट्रेलियातच प्रथम का उघडकीस आली, याचे उत्तर रोगाच्या प्रसारात आहे. दाट वस्तीच्या देशांत जर्मन गोवर सतत फिरत राहतो. बहुतेक मुली तो लहानपणीच काढतात आणि एकदा झालेला रोग सहसा पुन्हा होत नाही. ऑस्ट्रेलिया दूर आणि विरळ वस्तीचा. तेथे दोन मोठ्या साथींत बरीच वर्षे जात आणि त्या अवधीत रोग न झालेल्या तरुण-तरुणींची संख्या वाढत जाई. १९४० साली महायुद्धासाठी तरुणांची भरती झाली, छावण्या गजबजल्या, आणि सुटीवर घरी जाणाऱ्या सैनिकांबरोबर रोग नवविवाहित स्त्रियांपर्यंत पोहोचला. ज्या रोगाचे बालपणी होणे निरुपद्रवी, तोच रोग ऐन गर्भारपणी गाठू लागला.

ग्रेग यांच्या निबंधाचे स्वागत थंडपणे झाले. त्यांच्या देशात अ‍ॅडलेड येथील चार्ल्स स्वान आणि सहकाऱ्यांनी १९४३ साली त्यास दुजोरा दिला आणि या बालकांत बहिरेपणाही आढळतो हे दाखविले. पण लंडनच्या 'लॅन्सेट'ने १९४४ साली, शक्यता मान्य करूनही, हे सिद्ध झाले म्हणता येणार नाही असा अभिप्राय दिला. आक्षेप सर्वस्वी अयोग्य नव्हता. बाळात व्यंग दिसल्यावर आईला मागचे विचारले, तर ती आठवून आठवून काहीतरी सांगणारच, असा तो आक्षेप. थोडक्यात, आईची साक्ष कच्ची मानली गेली. तिला कागदाचा आधार हवा होता.

खानेसुमारीतील पुरावा

हा आधार मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, आणि माझ्यासारख्या सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला या इतिहासातील हेच प्रकरण सर्वांत मोलाचे वाटते. हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर हे सिडनीचे संख्याशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियाच्या १९११, १९२१ आणि १९३३ च्या जनगणनांत मूकबधिर व्यक्तींची वयोगटानुसार नोंद होती. ती कोणत्याही रोगाच्या शोधासाठी केलेली नव्हती. प्रशासनाच्या रिवाजाने रकाना भरला गेला होता. लँकेस्टर यांना दिसले, की १९११ मध्ये १० ते १४ वर्षांच्या गटात मूकबधिरांची संख्या एकदम उंचावलेली आहे. दहा वर्षांनी, १९२१ मध्ये, उंचवटा २० ते २४ च्या गटात सरकलेला आहे. म्हणजे ती एकच पिढी होती, आणि तिचा जन्म १८९९ च्या आसपासचा होता.

मूकबधिरांच्या शाळांतील दाखल-नोंदवह्या तपासल्यावर ही वर्षे अधिक नेमकी झाली. १८९९, १९१६, १९२४–२५ आणि १९३८ ते १९४१ या वर्षांत जन्मलेली बधिर मुले इतर वर्षांच्या मानाने फार अधिक होती, आणि जर्मन गोवराच्या साथींच्या वर्षांशी त्यांचा मेळ बसत होता. १९५१ साली लँकेस्टर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मातांच्या स्मरणशक्तीवर घेतलेला आक्षेप येथे गैरलागू ठरला. ज्या कारकुनाने १९११ साली तो रकाना भरला, त्याला जर्मन गोवराशी काही कर्तव्य नव्हते. चाळीस वर्षांनी त्याच्या आकड्यांनी मातांचे म्हणणे खरे ठरविले.

आपल्याकडे असे का घडू शकले नाही, हा प्रश्न येथे साहजिकच मनात येतो. हिंदुस्थानच्या खानेसुमारीतही १८७२ पासून १९३१ पर्यंत व्यंगांचा रकाना होता. वेडे, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची गणना होत असे. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद यांसारख्या संस्थानांचेही स्वतंत्र खानेसुमारी-अहवाल निघत. परंतु आपल्या गणनेतील वय हेच मुळी अंदाजाचे. 'असेल वीस-बावीस' म्हटले की गणक वीस लिही. जनगणनेच्या कामाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना शून्य आणि पाच या अंकांशी वये कशी दाटी करतात हे ठाऊकच आहे. अशा आकड्यांत एखाद्या जन्मवर्षाचा उंचवटा दिसणे अशक्यच. शिवाय दाट लोकवस्तीमुळे आपल्याकडे हा रोग वर्षानुवर्षे चालूच राहणारा. त्यामुळे त्याने केलेले नुकसानही एखाद्या वर्षी डोळ्यांत भरेल असे न होता दरसाल थोडेथोडे विखुरले जाई. पुढे १९४१ पासून हा रकानाच वगळला गेला. १९८१ मध्ये तो काही प्रमाणात परतला, १९९१ मध्ये पुन्हा गळला आणि २००१ पासून स्थिरावला. आपल्याकडे माता होत्या, बालके होती, साथीही येत होत्या. त्यांना एकत्र जोडणारी नोंद तेवढी नव्हती.

१९६४ ची साथ

ग्रेग यांचा शोध १९४१ चा, तरी तो सर्वत्र पोहोचण्यास वेळ लागला. प्रसिद्ध अमेरिकन चित्रतारका जीन टियर्नी हिला १९४३ साली गरोदरपणात जर्मन गोवर झाला. सैनिकांच्या करमणुकीसाठी चालविलेल्या हॉलिवूडमधील केंद्रात तिने त्या सुमारास हजेरी लावली होती. तिची मुलगी बहिरी, दृष्टिदोष असलेली आणि मतिमंद जन्मली. पुढे एका चाहतीने तिला सहज सांगितले, की आपल्याला जर्मन गोवर झाला असतानाही आपण निर्बंध मोडून तुम्हांला भेटायला आलो होतो. ही हकिकत टियर्नीने १९७९ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९६२ मधील 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' या कादंबरीचे रहस्य ज्यांनी वाचले आहे, त्यांच्या हे साम्य लक्षात आल्यावाचून राहणार नाही. रहस्यकथेच्या वाचकांना जे १९६२ मध्ये कळले, ते थोड्याच दिवसांत साऱ्या अमेरिकेला फार कठोरपणे कळले.

१९६२ च्या सुमारास युरोपात सुरू झालेली साथ १९६४–६५ मध्ये अमेरिकेत पसरली. सुमारे सव्वा कोटी लोकांना हा रोग झाला. अकरा हजारांवर गर्भ गेले, सुमारे २,१०० अर्भके दगावली आणि सुमारे २०,००० बालके जन्मजात दोष घेऊन आली. त्यांत अकरा हजारांहून अधिक बहिरी, साडेतीन हजारांवर अंध आणि अठराशेच्या आसपास मतिमंद होती. ग्रेग यांनी ७८ बालकांवरून जे सांगितले होते, ते आता एका राष्ट्राने आपल्या मुलांच्या रूपाने पाहिले.

या पिढीविषयी केवळ हळहळ व्यक्त करून थांबणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्यासाठी शाळा निघाल्या, शिक्षक तयार झाले, सांकेतिक भाषेला प्रतिष्ठा आली. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात ही मुले १९८० नंतर मोठ्या संख्येने दाखल झाली, आणि मार्च १९८८ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी आंदोलन करून विद्यापीठाला पहिला बधिर अध्यक्ष मिळवून दिला. आपल्या वंशावळींतील 'जन्मतः मुका' या शेऱ्यापाशी थांबलेल्या वेलींकडे पाहताना, त्या व्यक्तींना शिक्षण मिळाले असते तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

किती जणींना होऊन गेला?

१९६२ साली अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे हा विषाणू वेगळा केला. पाठोपाठ, १९६७ पर्यंत, रक्तातील प्रतिपिंडे ओळखण्याची सोपी परीक्षा हाती आली. तिचे महत्त्व फार मोठे होते. यापूर्वी 'रोग होऊन गेला का' या प्रश्नाचे उत्तर आईच्या आठवणीत शोधावे लागे. आता ते रक्तात शोधता येऊ लागले. ज्यांना पुरळ उठलाच नव्हता, त्यांनाही रोग होऊन गेल्याचे कळू लागले. ग्रेग यांच्या ७८ मातांपैकी ज्या दहा जणींनी काही सांगितले नाही, त्यांच्यापैकी काहींना हा रोग नकळत होऊन गेला असणेही शक्य आहे. आईची आठवण खरी होती. फक्त रोगच कधीकधी तिच्या नकळत येऊन जात होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याच दशकात निरनिराळ्या देशांतील स्त्रियांचे रक्त तपासले गेले. बहुतेक देशांत प्रसूतीयोग्य वयाच्या सुमारे ८० टक्के किंवा अधिक स्त्रियांना हा रोग होऊन गेल्याचे आढळले. जमैका, त्रिनिदाद, हवाई अशा बेटांवर मात्र रोग न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण बरेच अधिक होते. ऑस्ट्रेलियाचे कोडे त्यामुळे उलगडले.

भारतातील चित्र काय? २०१७ मध्ये देशातील सहा रुग्णालयांत १,८०० गर्भवतींचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे ८३ टक्के स्त्रियांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. हा आकडा वाचून प्रथमदर्शनी दोन उलट भावना मनात येतात. इतक्या स्त्रियांना हा रोग झाला, म्हणून भीती. आणि झालेल्यांना आता धोका नाही, म्हणून दिलासा. वस्तुतः लक्ष उरलेल्यांकडे द्यावयास हवे. भारतात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळंतपणे होतात. त्यांतील सहाव्या हिश्श्याच्या जवळपास म्हणजे चाळीस लाखांच्या घरातील स्त्रिया कोणत्याही संरक्षणाविना गर्भारपणाला सामोऱ्या जात होत्या. त्यांच्यापैकी जिला पहिल्या बारा आठवड्यांत हा रोग गाठील, तिच्या बाळाला इजा होण्याची शक्यता ८० टक्क्यांहून अधिक असते. विसाव्या आठवड्यानंतर ती फारच कमी होते. देशात दरवर्षी तीस ते चाळीस हजार बालके या कारणाने सदोष जन्मत असावीत, असा लसीकरण मोहिमेपूर्वीचा अंदाज होता. या साऱ्या बालकांच्या मातांना ग्रहणाविषयीच विचारले गेले असेल, असे म्हणवत नाही. पण पुष्कळ जणींना ते विचारले गेले असणार.

अर्धवट लसीचा धोका

या रोगावरील लस अमेरिकेत १९६९ मध्ये परवाना मिळून वापरात आली. आज सर्वाधिक वापरली जाणारी लस स्टॅन्ले प्लॉटकिन यांनी फिलाडेल्फियात तयार केली. तिच्यातील विषाणूचे नाव 'आर.ए. २७/३' असे रूक्ष आहे. त्यातील पहिली दोन अक्षरे 'रुबेला अबॉर्टस' या शब्दांची असून २७ हा गर्भाचा क्रमांक आहे. साथीच्या काळात रोग झालेल्या एका स्त्रीचा गर्भपात झाला, त्या गर्भातून हा विषाणू मिळविला गेला. त्या अनाम मातेच्या हानीतून पुढील कोट्यवधी बालकांचे संरक्षण निर्माण झाले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट याच विषाणूपासून लस बनविते आणि ती जगातील अनेक देशांत जाते.

लस कोणाला द्यावी, या प्रश्नावर मात्र देशोदेशी वेगवेगळी उत्तरे आली. अमेरिकेने सर्व बालकांना दिली. ब्रिटनने १९७० पासून केवळ ११ ते १४ वर्षांच्या मुलींना दिली. धोका गर्भवतीला, तर लस मुलीलाच द्यावी, हा विचार वरवर सयुक्तिक वाटतो. पण रोग मुलग्यांत आणि लहान मुलांत फिरतच राहिला आणि ज्या स्त्रियांची लस राहून गेली होती त्यांना तो स्वतःच्या मुलांकडूनच होऊ लागला. १९८८ मध्ये ब्रिटनने धोरण बदलून सर्व बालकांना लस सुरू केली. जपानने १९७७ पासून मुलींनाच लस दिली. त्याचा हिशेब २०१२–१३ मध्ये चुकता करावा लागला. केवळ २०१३ मध्ये चौदा हजारांवर रुग्ण झाले. ते बहुतांशी लस न मिळालेले प्रौढ पुरुष होते, आणि त्या साथीत ४५ बालके सदोष जन्मली.

दुसरा धडा ग्रीसचा. तेथे १९७५ च्या सुमारास बालकांना लस देण्यास आरंभ झाला, पण ती निम्म्याशिम्म्या बालकांपर्यंतच पोहोचली. परिणाम विपरीत झाला. रोग कमी फिरू लागला, म्हणून लस न घेतलेल्या मुलींना तो लहानपणी झालाच नाही. त्या तशाच मोठ्या झाल्या, विवाहित झाल्या, आणि १९९३ मध्ये साथ आली तेव्हा गरोदर होत्या. त्या साथीनंतर २५ बालके जन्मजात दोषांसह जन्मल्याची नोंद झाली. निसर्गतः मिळणारे संरक्षण गेले आणि लसीचे संरक्षण मिळाले नाही, अशी ती स्थिती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये असा दंडक घातला, की ८० टक्के बालकांपर्यंत पोहोचण्याची खात्री असेल तरच ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणावी. सरकारी योजनांच्या बाबतीत 'काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे' असे आपण नेहमी म्हणतो. या रोगाच्या बाबतीत ते म्हणणे खरे नाही.

आपल्या प्रांतांतून

भारतात दिल्ली, गोवा, पुदुच्चेरी आणि सिक्कीम यांनी आपापल्या राज्य कार्यक्रमांत रुबेलायुक्त लस आधी आणली होती. देशव्यापी मोहीम मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सुमारे ४१ कोटी मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस द्यावयाची, असे तिचे लक्ष्य होते. आपल्या वाचकांस हे कळून कुतूहल वाटेल, की पहिल्याच टप्प्यात गोवा आणि कर्नाटक होते. म्हणजे पणजी आणि बेळगावच्या मुलांना ही लस प्रथम मिळाली. ऑगस्ट २०१७ मध्ये तेलंगण, जुलै २०१८ मध्ये गुजरात, नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र आणि जानेवारी २०१९ मध्ये मध्यप्रदेश, असा क्रम पुढे लागला. हैदराबाद आणि बडोदे पुण्या-मुंबईच्या आधी, तर इंदूर आणि ग्वाल्हेर त्यानंतर.

मोहीम सोपी नव्हती. शाळेत सुई टोचणार म्हटल्यावर अफवा उठल्या. लस वंध्यत्व आणते, ती परदेशी कट आहे, अशी कुजबूज ठिकठिकाणी झाली. 'गरोदर बायकांचा रोग, मग आमच्या मुलाला कशाला?' असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला गेला. त्याचे उत्तर ब्रिटन आणि जपानच्या अनुभवात आहे. ज्या मुलाला आज लस मिळते, तो उद्या आपल्या गरोदर पत्नीच्या, बहिणीच्या किंवा शेजारणीच्या घरी हा रोग नेत नाही. मोहिमेनंतर ही लस नेहमीच्या बाललसीकरणात दोन मात्रांनी देण्यात येऊ लागली. भारताने गोवर आणि रुबेला यांच्या निर्मूलनासाठी प्रथम २०२३ हे वर्ष ठरविले होते; ती मुदत टळल्यावर २०२६ हे लक्ष्य ठेवण्यात आले आणि त्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये नवी राष्ट्रीय मोहीम हाती घेतली गेली. इतरत्र हे काम झालेले आहे. उत्तर व दक्षिण अमेरिका खंड २०१५ मध्ये या रोगापासून मुक्त घोषित झाले. ज्या ऑस्ट्रेलियात ग्रेग यांनी ती ७८ बालके मोजली, तो देश २०१८ मध्ये मुक्त झाला. आपले शेजारी श्रीलंका आणि मालदीव यांनी २०२० मध्ये हे यश मिळविले.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने सांगण्यासारखे थोडेच आहे. मोहिमेच्या वेळी पंधरा वर्षांहून मोठ्या असलेल्या मुलींची लस बहुधा राहून गेली आहे, आणि त्याच आज लग्नाच्या किंवा पहिल्या बाळंतपणाच्या वयात आहेत. पत्रिका जुळविताना आपण जितकी चौकसी करतो, तिच्या शतांशाने जरी ही चौकशी केली, डॉक्टरांना विचारून लस घेतली, तरी पुरे. ही लस जिवंत विषाणूची असल्याने गर्भारपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळण्यास सांगतात. म्हणून हे काम लग्नापूर्वीच उरकलेले बरे.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याची टूम सध्या अनेक घराण्यांत आहे. संपादक मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते, की जुने शेरे पुसू नयेत, पण त्यांवरून घराण्याच्या रक्ताविषयी किंवा कोणा पणजीच्या वागण्याविषयी निष्कर्षही काढू नयेत. जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक असतात, आनुवंशिकताही त्यांपैकी एक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्या बाळाला काय झाले हे आज ठरविता येणार नाही. परंतु त्यांतील काही मातांना तीन दिवसांचा तो पुरळ नक्कीच उठून गेला असेल. त्यांनी कोणतेही ग्रहण मोडले नव्हते. आता नव्या पानांवर जन्मतारखा तरी नेमक्या लिहाव्यात, आणि आईला काय आजार झाला होता हे तिच्या शब्दांत नोंदवून ठेवावे. तिचे सांगणे किती मोलाचे असते, हे जगाला कळण्यास १९४१ साल उजाडावे लागले.